अंड्याआधीचे दिवस

मराठीत 'तलंग' असा एक शब्द आहे. अंडी घालण्याच्या वयाला टेकलेली, पण अद्याप एकही अंडे न घातलेली कोंबडी म्हणजे तलंग. पिल्लू म्हणावे तर ती तेवढी लहान उरलेली नसते आणि कोंबडी म्हणावे तर तिच्या नावावर अजून काहीच जमा नसते. गायीची कालवड, म्हशीची वगार, शेळीची पाठ, तशी कोंबडीची तलंग. जनावरांच्या वाढीतला हा एवढासा मधला काळ. पण ज्यांचे पोट त्यावर अवलंबून होते त्यांनी प्रत्येक जनावरासाठी त्याला वेगळे नाव देऊन ठेवले. मी बी.ए.च्या वर्गात एकदा हे चार शब्द फळ्यावर लिहिले. कालवड बहुतेकांना ठाऊक होती, वगार निम्म्यांना, पाठ दहा-बारा जणांना. 'तलंग'ला तीन मुलींनी हात वर केले. तिघी केळापूर तालुक्याच्या आतल्या गावांमधून एस.टी.ने येणाऱ्या.

गंमत अशी की हा शब्द साहित्यातून जवळजवळ निवृत्त झाला असला तरी सरकारी कागदावर तो अजून कामावर आहे. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या योजनेचे नावच 'तलंगा गट वाटप' असे आहे. आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि ३ नर, असा एक गट. निम्मी किंमत अनुदान म्हणून, निम्मी लाभार्थीची. 'लाभार्थी' हा शब्द मात्र मला कधीच आवडलेला नाही. ज्याने अजून काही मिळवलेले नाही त्याच्या कपाळी लाभ आधीच चिकटवून टाकणारा तो शब्द आहे.

आमच्याकडे पांढरकवड्याला धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशी केळापूरच्या. (तालुक्याचे नाव केळापूर आणि मुख्यालय पांढरकवडा, ही आमच्याकडची जुनी व्यवस्था बाहेरच्यांना नेहमी गोंधळात टाकते. केळापूर हे जगदंबेचे देऊळ असलेले शेजारचे गाव.) तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस, नवरा दम्याचा. गेल्या आषाढात त्यांना असा एक गट मिळाला. आपल्या हिश्शाचे पाच हजारांवर रुपये त्यांनी महिला बचत गटातून कर्ज म्हणून उचलले. गाडीतून कोंबड्या उतरवून देणाऱ्या माणसाने जाताजाता 'दिवाळीले अंडे खा' असे सांगितले, आणि बचत गटाचा हप्ताही त्याच हिशेबाने दिवाळीपासून ठरला.

त्याच सुमारास आमच्या मागच्या अंगणातही चार कोंबड्या आल्या. त्या सासूबाईंसाठी. सासरे गेल्यावर गावाकडचे घर बंद झाले, बैलजोडी विकली गेली आणि सासूबाई आमच्या दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या भाड्याच्या घरात आल्या. दिवसभर करायला काही नाही, हे त्यांचे खरे दुखणे होते. त्याला औषध म्हणून मी आठवडी बाजारातून चार गावरान कोंबड्या आणल्या. विकणाऱ्या बाईने चारही अंड्यावरच्या आहेत म्हणून शपथ घेतली होती आणि ती खोटे बोलत नव्हती. पिशवीतच एकीने अंडे घातले होते. पण घरी आल्यानंतर चौघींनी जे तोंड मिटले ते तीन आठवडे उघडले नाही. इथे अंडे तोंडातून येत नाही हे मला माहीत आहे. पण त्यांचा एकंदर अबोलाच इतका होता की वाक्प्रचार आपोआप लागू पडला.

गावाकडे नवी कोंबडी आणली की चुलीभोवती तीनदा फिरवतात, म्हणजे ती घर विसरत नाही. आमच्याकडे चूल नाही. सासूबाईंनी चौघींना एकेक करून गॅसच्या शेगडीवरून ओवाळल्यासारखे फिरवले, मग सिलिंडरकडे संशयाने पाहिले आणि "चालते का माहीत नाही" म्हणाल्या. नंतर चार दिवस त्यांनी कोंबड्या डालग्याखालीच ठेवल्या. बाकी मला माहीत नाही, पण या चार दिवसांत नक्कीच अर्थ होता. जागा पालटली की कोंबडी अंडे थांबवते, हे सार्वत्रिक आहे. प्रवास, उपास, नवे पाणी, नव्या आवाजांची भीती, या सगळ्यांत शरीर पहिल्यांदा जो खर्च कापते तो अंड्याचा. आणि ती कशी जगली असेल ते पाहता यात नवल नाही. अंडे ही कोंबडीची चैन आहे. आधी जीव, मग अंडे. एक ते तीन आठवडे हा साधारण काळ. ऋतू उतरणीचा असेल, पिसे झडायला लागली असतील, तर तो महिना-दोन महिन्यांवरही जातो.

मावशी आमच्या अंगणात भांडी घासताना चौघींकडे पाहून म्हणाल्या, "मॅडम, कोंबडीले घर समजाले वेळ लागते. नवी सून नाई का, चार दिस घासच उतरत नाई तिच्या घशाखाली."

मी उपमांचा व्यवसाय करणारी बाई. स्त्रीला कोंबडी, कोंबडीला स्त्री म्हणण्याच्या वाटेने मराठीत किती काय चालून गेले आहे ते शिकवते. त्यामुळे मी थोडी सावध झाले. पण सासूबाई ओसरीतून पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या आणि म्हणाल्या, "नवी सूनच कायले, जुनी सासूबी." यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. त्या रात्री त्या नेहमीपेक्षा अर्धी भाकर जास्त जेवल्या, एवढे मी पाहिले.

चौघींमध्ये पहिले काही दिवस जी टोचाटोची चालली होती तीही अंड्याच्या आड येणारीच. थॉर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे नावाचा एक नॉर्वेजियन माणूस लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करत असे. कोण कोणाला टोचते याच्या नोंदी त्याने वर्षानुवर्षे ठेवल्या आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या शास्त्रीय निबंधाच्या रूपात मांडल्या. कळपातल्या प्रत्येक कोंबडीची एक पायरी असते. वरची खालचीला टोचते, खालची वरचीला कधीच नाही. याला मराठीत 'उतरंड' म्हणावे असे मला वाटते, कारण मडक्यांच्या उतरंडीसारखाच यातही सर्वांत खालच्या मडक्यावर सगळा भार असतो. नवी कोंबडी आली की उतरंड पुन्हा रचावी लागते. ती रचून होईपर्यंत सगळ्यांत खालची दाण्यापाशी येत नाही, पाण्यापाशी येत नाही, मग अंडे कुठून यायचे? सासूबाईंनी यावर दोन ठिकाणी दाणे आणि दोन ठिकाणी पाणी ठेवायला सुरुवात केली. त्यांनी नॉर्वेचे नाव ऐकले नव्हते. पण त्या पाच जावांच्या घरात नांदल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काळीने जुन्या टोपलीत अंडे घातले. त्या टोपलीत सासूबाईंनी गवत घालून खडूचा, अंड्याच्या आकाराचा एक गोळा ठेवला होता. एक अंडे दिसले की कोंबडीला ती जागा सुरक्षित वाटते, असा त्यामागचा हिशेब. आमचा प्रश्न तेवढ्यावर सुटला. चार कोंबड्या, एक म्हातारी, एक टोपली. यात फारसे काही पणाला लागलेले नव्हते.

मावशींचे तसे नव्हते. त्यांच्या २५ मधल्या दोन मुंगसाने नेल्या, एक मानमोडीने गेली. (१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्याकडे लोक मानमोडीच म्हणत. कोंबड्यांच्या या रोगाला इंग्रजीत राणीखेत म्हणतात, हिमालयातल्या त्या थंड हवेच्या ठिकाणावरून. कोणत्या गावाला कशामुळे कीर्ती मिळेल ते सांगता येत नाही.) बाकीच्यांना लस टोचून झाली. २२ माद्या उरल्या, ३ कोंबडे. त्या वाढल्या, भरल्या, अंगाने आमच्या गावरान चौघींच्या दीडपट झाल्या. दिवाळी आली. अंडे नाही. मार्गशीर्ष लागला. अंडे नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या बैठकीला जात राहिला आणि तो कापूस वेचणीच्या मजुरीतून जात राहिला.

शेजारच्या एका बाईने याच काळात त्या कोंबड्यांना 'वांझोट्या' म्हटले. मावशींची थोरली लेक तेव्हा माहेरी आलेली होती. लग्नाला पाच वर्षे झालेली, मूल नाही; सासरहून निरोप येत नव्हता, आला तर तो कसा येईल याची भीती होती. ती मुलगी अंगणातच दाणे टाकत होती. मावशींनी हा प्रसंग मला दुसऱ्या दिवशी सांगितला, तोही भांड्यांकडे बघत. "म्या म्हटलं तिले, वांझ नाई म्हणाचं. तलंग म्हणाचं. जिनं अजून घातलं नाई तिले तलंग म्हंतेत."

शब्दकोशात तलंगेचा अर्थ दिलेला असतो. तो कशासाठी वापरता येतो ते त्यात नसते.

मावशींच्या कोंबड्या का घालत नाहीत, हे शोधण्यात मग मीही पडले. काही पुस्तके चाळली, पशुवैद्यकात शिकलेल्या एका माजी विद्यार्थ्याला दूरध्वनी केला, आणि एका रविवारी केळापूरला जाऊन खुराडे पाहून आले. ही गोष्ट खरे तर फार आधी, खाण्यापासून सुरू करायला हवी. एक अंडे म्हणजे सहा-सात ग्रॅम प्रथिन आणि वर सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियमचे कवच. पिवळा बलक शेवटच्या दहाएक दिवसांत भराभर मोठा होतो. मग तो सुटला की त्यावर पांढरे चढायला तीनेक तास, आतला पापुद्रा चढायला तासभर आणि कवच चढायला तब्बल वीस तास लागतात. सगळे मिळून २४ ते २६ तास. म्हणजे उत्तम कोंबडीसुद्धा रोज ठरावीक वेळेला अंडे देऊ शकत नाही. दररोज थोडा उशीर होत जातो आणि मग एक दिवस खाडा पडतो. कवचातला चुना कमी पडला तर ती तो स्वतःच्या हाडांतून काढून देते. एवढा खर्च ज्वारीच्या आणि तांदळाच्या कणीच्या जिवावर भागत नाही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिन लागते. ज्वारीत ते दहाच्या आसपास असते.

मावशींना हे आकडे माहीत नसले तरी कणीने भागणार नाही हे माहीत होते. म्हणून त्यांनी घरात जी होती ती ढेप भिजवून द्यायला सुरुवात केली होती, म्हणजे सरकीची. कापसाच्या मुलखात दुसरी कुठली असणार? गाई-म्हशींना ती चालते, उत्तम चालते. पण सरकीत गॉसिपॉल नावाचे एक द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बऱ्याच अंशी निष्प्रभ होते, कोंबडीच्या पोटात होत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांना सरकी जास्त झाली तर उत्पादन घटते, आणि अंडी ठेवणीत राहिली तर आतला बलक हिरवट-तपकिरी पडतो. ज्या पिकाने या जिल्ह्याला जगवलेही आणि बुडवलेही, त्याने कोंबडीच्या टोपलीपर्यंत यावे, हे माझ्या मनात आले. पण ते निबंधासाठी राखून ठेवले. मावशींना एवढेच सांगितले की सरकी बंद, सोयाबीनची ढेप थोडी थोडी सुरू. त्यांनी त्यात स्वतःहून भर घातली: शेणाने भरलेले मडके शेताच्या बांधावर पालथे घालून त्यात लागलेली वाळवी. त्यांची आई पिल्लांना तशी चारत असे. कवचासाठी चुनखडीचा बारीक चुरा. वणीच्या बाजूला चुनखडीला तोटा नाही. पानाला लावायचा चुना मात्र नव्हे, तो तोंड भाजतो.

परंतु माझ्या मते मुख्य अडचण खाण्यात नव्हती. ती उजेडात होती.

कोंबडी दिवस मोजते. पोटात बलक मोठा करायला लागायचा की नाही हे तिच्या मेंदूतला एक भाग दिवसाच्या लांबीवरून ठरवतो, आणि विलक्षण गोष्ट म्हणजे हा उजेड तो डोळ्यांवाटे घेत नाही. निदान डोळ्यांवर अवलंबून राहत नाही. झाक बन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवले की दृष्टी नसलेल्या बदकातही दिवस वाढल्यावर प्रजननाची इंद्रिये वाढतात. उजेड पिसांतून, कातडीतून, कवटीच्या पातळ हाडातून थेट आत झिरपतो. डोक्यात प्रकाश पडणे हा वाक्प्रचार आपण किती सैलपणे वापरतो! पक्ष्यांच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे.

आता केळापूर विसाव्या अक्षांशाला जवळजवळ चिकटलेले. जूनमधला आपला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरमधला लहानात लहान दिवस अकरा तासांच्या आतबाहेर. कोंबडीला जोमाने अंड्यावर यायला चौदा तास उजेड लागतो असे मानतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो वाढता लागतो. मावशींच्या तलंगा वयात आल्या त्या नेमक्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवस रोज आखडत असताना. 'दिवाळीले अंडे खा' हे सांगणाऱ्याने वय बरोबर मोजले होते, ऋतू मोजला नव्हता. गावरान कोंबड्याही याच काळात हात आखडता घेतात. फक्त त्यांच्याकडून कोणी हप्त्याची अपेक्षा धरलेली नसते.

पण अकरा तासही त्यांना मिळत नव्हते. मावशी सकाळी सहाला घर सोडतात, चार घरची कामे करून नऊला परत जातात. त्या असल्याशिवाय खुराडे उघडायचे नाही, कारण मुंगूस. संध्याकाळी पाचलाच सगळे बंद. टिपेश्वरचे अभयारण्य इथून लांब नाही. शिवाय २०१८ साली याच पांढरकवडा वनविभागातल्या टी-वन वाघिणीने जी दहशत बसवली ती, त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला तिला गोळी घातल्यानंतरही, कडीच्या वेळेतून उतरलेली नाही. खुराडे पत्र्याचे, फटींमध्ये थंडीसाठी पोती कोंबलेली. आत हात घातला तर बोटे दिसत नव्हती. हिशेब केला: नऊ ते पाच, आठ तास. डिसेंबरच्या सूर्याचेही तीन तास वाया. त्या आठ तासांच्या दिवसात तलंगेच्या मेंदूला काय कळत असेल? फार उत्तरेकडच्या कुठल्यातरी हिवाळ्यात आपण बसलो आहोत, हे.

नऊ वाजेपर्यंतच्या त्या चार घरांत दुसरे घर आमचे आहे.

मी त्यांना उशिरा या म्हणाले. त्यांनी ते मोडीत काढले: बाकीच्या तीन घरी नोकरदार बाया, डबे साडेआठला निघतात. "अन् तुमची वेळ बदलून मुंगूस थोडीच बदलन." त्यापेक्षा त्यांचे उत्तर साधे होते. पोती काढली, समोरचा पत्रा काढला आणि तिथे बारीक जाळी ठोकली. जाळीतून मुंगूस येत नाही, उजेड येतो. थंडीच्या बाजूचे पत्रे तसेच ठेवले. त्यावर मी सुचवले एवढेच, की आत एक पिवळसर दिवा पहाटे लावावा. संध्याकाळी नव्हे, पहाटे. कारण संध्याकाळचा दिवा एकदम मालवला की कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत, खालीच अडकून पडतात. पहाटेचा दिवा मात्र उजाडण्यात आपोआप विरून जातो. किती मोठा? वर्तमानपत्र वाचता येईल इतका, असे पुस्तकात होते. मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे पेपर येत नाई. तांदूळ निवडता आले म्हणजे झालं का?" झाले. त्या साडेचारला उठतातच. साडेचार ते संध्याकाळी पावणेसहा, असे तेरा तास जमले. ही डिसेंबरची वीस-एकवीस तारीख असेल.

उजेड वाढल्यावर अंडे यायला दोन-चार आठवडे जातात, हे मी सांगून ठेवले होते. ते चार आठवडे मावशींकडे होते की नाही, हा प्रश्न होता. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात कोंबड्या घेणारा व्यापारी आला. एकतीस डिसेंबर जवळ आलेला, मागणी मोठी. मादीला तीनशे, कोंबड्याला चारशे. सगळ्या द्या, रोख घ्या. सात हजार आठशे होतात. बचत गटाचे कर्ज एका फटक्यात फिटून वर काही उरते. नवऱ्याचे मत देऊन टाकावे असे होते, आणि त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही. न आलेल्या अंड्याच्या भरवशावर दोन हप्ते मजुरीतून गेले होते.

मावशींनी आमच्या मोरीपाशी बसून तोंडी हिशेब केला. बावीस जणींनी तिसऱ्या दिवशी एक दिले तरी दिवसाला सात. दहा रुपयांनी सत्तर. महिन्याला एकवीसशे. त्यातून दाणा वजा. "चार-पाच महिन्यात कोंबडी आपली किंमत फेडते, अन् कोंबडी घरातच राह्यते." मग थोडे थांबून: "घातलं तर." या दोन शब्दांवर सगळे गणित उभे होते.

शेवटी त्यांनी सगळ्या दिल्या नाहीत आणि सगळ्या ठेवल्याही नाहीत. आठ माद्या आणि दोन कोंबडे विकले. बत्तीसशे रुपये आले, त्यातून पुढचे हप्ते बाजूला काढले. कोणत्या आठ, हे त्यांनी ज्या रीतीने ठरवले ते मी पाहिले, कारण तो रविवार होता आणि मी मुद्दाम गेले होते. एकेक तलंग काखेत धरायची, पालथ्या हाताची बोटे तिच्या शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये ठेवायची. अंड्यावर येणाऱ्या कोंबडीची ही हाडे दूर सरकतात. दोन बोटे मावली की डावीकडे, एकच मावले की उजवीकडे. मग तुरा पाहायचा: फिका की लाल झालेला, सुरकुतलेला की भरलेला. मग पाठीवर हात ठेवायचा. जी दबून बसते ती जवळ आलेली. बावीस जणींना मिळून अर्धा तास लागला नसेल. व्यापारी घाई करत होता आणि त्याला मनातून लठ्ठ कोंबड्या हव्या होत्या. योगायोगाने आत चरबी धरून बसलेल्या, एका बोटाच्याच, जास्त जड होत्या. दोघांचेही समाधान झाले. मला पुस्तकात वाचलेली हीच परीक्षा आठवत होती, पण ती बोटांना येत असणे वेगळे. थोरली लेक टोपलीचे झाकण धरून उभी होती. एका तलंगेशी मावशींची बोटे अडखळली; दीड बोट, म्हणाल्या. लेकीने काही न विचारता तिला डावीकडे सोडले.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो २२ डिसेंबरच्या आसपासच वाढू लागतो. पंचांगातले उत्तरायण आणि आकाशातले उत्तरायण यांच्यात आता तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे. खुराड्यातल्या उत्तरायणाने आकाशातल्याला गाठले होते, आणि अंडे मात्र पंचांगाच्या बाजूने उभे राहिले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जाळीजवळच्या पाटीत पहिले अंडे होते. लहानसे, लिंबाएवढे म्हणावे असे, कवचावर रक्ताची एक पुसट रेघ. पहिले अंडे बहुधा असेच असते. करीच्या दिवशी शुभ काही धरत नाहीत, म्हणून मावशींनी ते दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दाखवायला आणले. सासूबाईंनी ते हातात घेऊन कानाशी हलवून पाहिले, का कोण जाणे. आठवडाभरात पाच जणी घालू लागल्या. फेब्रुवारी लागला तेव्हा चौदातल्या अकरा. दीड बोटवाली त्यांत आहे.

ही अंडी बाजारात 'गावरान' म्हणून जातात, आणि इथे माझ्यातल्या भाषेच्या मास्तरणीला थोडी अडचण होते. वाटपातल्या या कोंबड्या सुधारित जातीच्या. असल्या वनराजा, ग्रामप्रिया वगैरे जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसात पाळण्यासाठी तयार केल्या. रंगीत पिसे, तपकिरी कवच, वर्षाला अंडी गावरानाच्या दुप्पट. कूळ प्रयोगशाळेचे, वळण गावचे. मग गावरान कोणाला म्हणायचे? मावशींना या प्रश्नात रस नव्हता. "गावात वाढली, गावचं खाल्लं, मंग गावरानच नं. तुम्ही नाई का अमरावतीच्या." अर्थात खाऊन बघणाऱ्यांनाही तक्रार नाही, हमरस्त्यावरून पिंजऱ्यांच्या गाड्या भरून जाणाऱ्या पांढऱ्या अंड्यांपेक्षा या अंड्याला तीन-चार रुपये जास्त मिळतात.

एक गोष्ट मात्र या सुधारित कोंबड्यांमधून सुधारणेच्या नावाखाली काढून टाकली गेली आहे: त्या सहसा खुडूक बसत नाहीत. खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंडी घालत नाही, म्हणजे उत्पादनाच्या दृष्टीने ते नुकसान. त्यामुळे यांच्या अंड्यांतून पिल्ले हवी असतील तर दुसऱ्याच कोंबडीची ऊब लागते. गेल्या आठवड्यात आमची काळी खुडूक बसली. सासूबाईंनी मावशींना निरोप धाडला, आणि मावशी टोपलीतून निवडलेली अंडी घेऊन आल्या. बारा बसली असती; त्यांनी एक परत नेले, अंडी विषमच ठेवायची असतात म्हणून. टोपली आता ओसरीच्या कोपऱ्यात आहे. अकरा अंडी, वर काळी, बाजूला सासूबाईंची खाट. सातव्या दिवशी रात्री बॅटरीवर धरून पाहिले, नऊमध्ये शिरा दिसतात. एकविसावा दिवस सोमवारी येतो. त्या दिवशी भांड्यांना येणार नाही, पिल्लं पाहाले लेकीला घेऊन येईन, असे मावशींनी आत्ताच सांगून ठेवले आहे.